शेवट्या देवाची झोप

तो देव मी केला होता. गावातल्या एकेकाला धरून मी हे सांगितलं, ओरडून सांगितलं, तरी ढिम्म. आजही आठवलं की माझं डोकं उठतं.

आमचं गाव तेलंगणातल्या बेल्याच्या बाजूचं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. घरात सासूबाई, नवरा आणि मी. पुढच्या खोलीत किराणा दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर बसून लिहायची. नवरात्रात शारदेच्या मंडपापुढे गावातली माणसं नाटक करतात, ते बरीच वर्षं माझंच असतं. त्या वर्षी मी एक भलतंच राज्य रचलं. तिथलं आभाळ तांब्याचं, नद्या डोंगर चढून जाणाऱ्या, आणि डोंगराच्या पोटात झोपलेला एक देव, शेवट्या. आवाजानं तो जागा झाला की सगळं जग गिळणार. म्हणून त्याचे भक्त दबक्या पावलांनी चालतात, लेकरू रडलं की त्याच्या तोंडावर हात दाबतात, पेरायचं बीसुद्धा देवापुढे ओततात आणि शेवटी उपाशी मरतात. आणि तो मेला देव झोपलेलाच राहतो. लोक पोट धरून हसले. हसले होते हो! मी समोर बसून पाहिलंय.

शेवट्याची मूर्ती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी बनवली. दीर गेल्यापासून त्या वावरात खोली बांधून एकट्या राहतात. रस्त्याकडेच्या एकरभरात वांगी आणि मिरची काढतात, त्यावरच त्यांचं पोट. बांबूचा सांगाडा, त्यावर आमच्याच दुकानातलं साखरेचं पोतं, वर कागदाचा लगदा आणि डोळ्यांच्या जागी स्टीलच्या दोन वाट्या. नाटक संपल्यावर एवढं धूड ठेवायचं कुठे? "आन इकडं, डुकरं तरी भेतीन," म्हणून जाऊबाईंनी तो आपल्या धुऱ्यावर, रस्त्याकडच्या बांधावर रोवला. देवाचं बुजगावणं झालं, आणि खरं सांगते, काम चोख करत होतं.

मग एक मोटरसायकलवाला वावराजवळच्या वळणावर घसरला. थोडंफार खरचटलं, बाकी काही नाही. डोळे उघडून बघतो तर समोर वाट्या चमकतायत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं त्या पोत्याला शेंदूर फासला आणि नारळ फोडला. आमच्याकडे शेंदूर लागला की संपलं. दगड असो, खुंटा असो, की साखरेचं पोतं, त्याला हलवायची कुणाची छाती होत नाही. वाऱ्यानं डुलणाऱ्या शेवट्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला. आदिलाबादकडून गाड्या यायला लागल्या, माणसं तेलुगूत नवस बोलायला लागली. मिरचीची रोपं तुडवली जायला लागली. आणि आमच्या दुकानात नारळाची पोती उतरली.

"लाज वाटते का?" मी नवऱ्याला विचारलं. "तुझ्याच दुकानातलं पोतं आहे ते!"

"लोकं मागून राह्यले तं मी काय करू?" तो म्हणाला आणि नारळाच्या शेंड्या सोलत बसला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण नाटक पाहिलेल्याच लोकांनी नियम काढले. मिरचीला पाणी द्यायला जाऊबाई नाल्यावरचं डिझेलचं इंजन लावतात. ते धडधडतं. एका सकाळी त्यांनी ते सुरू केलं तर माणसं ओरडत धावली, "बंद करा, बंद करा! देव उठन!" इंजन फिरवून चालू करायचं लोखंडी हँडलच काढून नेलं. धुऱ्यावर चप्पल नको. अडचणीच्या दिवसांत बाईनं तिकडे फिरकायचं नाही. कुणी फिरकायचं नाही, तर जिचं वावर आहे तिनं! जाऊबाई घागरीनं पाणी घालायला लागल्या. घागरीनं कुठे एकर भिजतं? भर फुलावर आलेल्या मिरचीनं माना टाकल्या. ते पीक गेलं असतं तर दुसऱ्याच्या कापसात मजुरीला जाण्यावाचून त्यांना काही उरलं नसतं.

मी मंडपाच्या जागेवर माणसं गोळा केली आणि सगळ्यांदेखत उभी राहिले. म्हटलं, "डोकी ठिकाणावर आहेत का तुमची? हा देव मी लिहिला. गल्ल्यावर बसून, चहा पीत लिहिला. ती झोप माझी, ते गिळणं माझं. असा देव कुठेच नाही."

समोर एक काका बसले होते. नाटकात मुख्य भक्ताचं काम त्यांनीच केलं होतं, संवाद मीच घोकून घेतले होते त्यांच्याकडून. ते डोळे मिटून म्हणाले, "तू नाही लिवलं बाई. त्यानं तुह्याकून लिववून घेतलं." वर नाटकातलं माझंच वाक्य मला ऐकवलं, "जो त्याची झोप मोडतो त्याचं घर पहिलं जातं." सगळ्यांनी हात जोडले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आपणच रांधलेलं कुणी आपल्याच तोंडावर फेकावं तसं वाटलं.

जाऊबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "काकाजी, माह्या इंजनाचं हँडल देता का नाही?"

काकांनी डोळे उघडलेच नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि सरळ वावराकडे चालायला लागल्या. मी मागे, आणि माझ्यामागे अख्खं गाव. त्यांनी खोलीतून विळा आणला, शेवट्याला बांधलेल्या सुतळ्या कापल्या, दोन्ही हातांनी बांबू धरला आणि हिसडून उपटला. रस्त्यावर एका बाईनं किंकाळी फोडली. कुणी लेकरं छातीशी घेतली. "जग बुडन वो बाई!" काका रडवेले होऊन ओरडले.

"बुडू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "माह्या मिरचीले पाणी पायजे. काऊन उभे हा? हँडल आना."

काकांना घरून हँडल आणावंच लागलं. जाऊबाईंनी ते घेताना त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजन धडधडलं, काळा धूर निघाला. रस्त्यावर सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. सऱ्यांमधून पाणी पुढे सरकत गेलं. एवढंच झालं.

जग राहिलं, म्हणून या लोकांना आनंद व्हावा की नाही? छे! देवाचा कोप अजून यायचाय, आणि तो त्या बाईच्या हाताला चिकटलाय, असं ठरलं. तिच्या हातचं कुणी घेईना. जाऊबाईंच्या वांग्यांची टोपली इतकी वर्षं आमच्या दुकानाच्या दारात असायची, दुपारच्या आत रिकामी व्हायची. आता बाया तिला वळसा घालून आत यायच्या. नवऱ्यानं ती उचलून तेलाच्या डब्यांमागे सरकवली. "गिऱ्हाईक तुटून राह्यलं," म्हणाला. मी ती फरफटत पुन्हा दारात आणली आणि म्हटलं, "हात लावून तर बघ." दिवसभर टोपलीजवळ बसले. जी बाई वळसा घालेल तिच्या डोळ्यात डोळे घालून बघायची मी. एकीनंही एक वांगं घेतलं नाही. ज्यांच्या बाळंतपणात जाऊबाई रात्रंदिवस राबल्या, त्यांनीसुद्धा नाही. थुंकावंसं वाटत होतं मला सगळ्यांवर.

संध्याकाळी मी त्याच वांग्यांचं भरीत केलं आणि जाऊबाईंना जेवायला बोलावलं. चुलीपाशी सासूबाई, त्यांच्या शेजारी जाऊबाई. मी ताटं वाढली, ज्वारीची भाकर आणि भरीत. सासूबाईंना या वावरातल्या वांग्याशिवाय दुसरं भरीत कधी चाललं नाही. मळ्यात नवं वांगं धरलं की पहिलं त्यांच्यासाठी यायचं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग बोटानं ते हळूच पुढे सरकवलं. "मले नको," म्हणाल्या. "त्या वावरातलं हाय."

ते वावर त्यांच्या थोरल्या लेकाचं. बाजूला बसलेली त्याची बायको.

जाऊबाईंनी ते सरकवलेलं ताट आपल्यापुढे ओढलं, आपलं ताट बाजूला केलं आणि सासूबाईंच्या ताटातलं भरीत खायला सुरुवात केली. सावकाश, बोटं चाटून, सासूबाईंच्या तोंडाकडे बघत. "आन वो एक भाकर," मला म्हणाल्या. मी भाकर घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि त्याच ताटात हात घातला.

नवरा दुकान बंद करून आत आला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. मी त्याचं ताट, तेच भरीत वाढून, त्याच्या हातात दिलं. तो ताट घेऊन उभाच राहिला.