मालकाचा शर्ट

गुरुवारी दुपारी मामा त्यांच्या शेडमध्येच वारले.

स्वतःला भेटायला आलेल्या माणसाला बसवून ठेवून स्वतःलाच बोलावून आणणारा मालक आमच्या मावळात दुसरा झाला नसेल. वराळ्याजवळ अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एक भूखंड मामांना मिळाला होता. आमच्या घराण्यात जमिनीच्या कागदावर चढलेलं ते पहिलं नाव. तिथे शेड घालून ते कंपन्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट बनवत. पण अशा भूखंडांवर पाटीवर एक नाव आणि खुर्चीत दुसराच माणूस, ही रीत इतकी रुळलेली, की ग्रीसने माखलेल्या मामांनाच लोक विचारत, "मालक कुठं आहेत?"

"बसा सायेब, बोलावतो," असं म्हणून मामा आत जात. हात धूत, खिळ्यावरचा पांढरा शर्ट चढवत, केस विंचरत. बाहेर येऊन खुर्चीत बसत आणि म्हणत, "बोला." एका खरेदी अधिकाऱ्याने तर विचारलं होतं, "मघाचे ते तुमचे भाऊ का?"

"जुळं," मामा म्हणाले.

चौदा एप्रिलच्या जयंतीआधी ते पाटी स्वतः रंगवत आणि दर वर्षी नावाचं अक्षर थोडं मोठं करत. शेवटी आडनावाला जागाच उरली नाही. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आडनाव लोक इचारत्यातच."

गावचे एक जमीनवाले आबा दर वर्षी येत. "नाव तुमचं, कारभार माझा. तुमी घरी आराम करा, पैसं घरपोच." मामा त्यांना चहा पाजत आणि म्हणत, "आबा, आराम तर आमच्या सात पिढ्यांला जमला न्हाई. मला कसा जमंल?" पण शेवटची दोन वर्षं ते दमले होते. कामं कमी झाली होती. आबांना वाटेला लावून ते हिशेबाची वही काढून बसत.

मामा वारल्याच्या पाचव्या दिवशी आबा मळवलीला घरी आले. मामींना म्हणाले, "वैनी, आता तरी ऐका. बाईमाणसाला हे झेपायचं न्हाई."

मामी थकलेल्या होत्या. "चहा घ्या, आबा," एवढंच म्हणाल्या.

परवा मी लोणावळ्याहून शेडवर गेलो. मामी पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करत होत्या. माझ्यामागून एक साहेब आले. "मालक कुठं आहेत?" मामी आत गेल्या नाहीत, हातही धुतले नाहीत.

"मीच. बोला."

तो पांढरा शर्ट त्यांनी कामासाठी साडीवर घातला होता. आता त्याला ग्रीस लागलं आहे. शेड चालू आहे.