शिवाच्या जनावराचं चौथं शिंग

जावयानं पत्रात जनावराच्या खुरापासून शेपटीपर्यंत सगळं लिहिलं. हात लावू नका, एवढंच लिहायला त्याची शाई संपली. बरं, आता घ्या माझा शरणार्थ, म्हणजे आमचा नमस्कार.

जावई सोनपेठला शाळेत गुरुजी. हिमालयाच्या पायथ्याला ज्याची हाडं दगडात सापडली, असं कधीचंच संपलेलं चार शिंगांचं जनावर त्यानं मातीचं करून मांडलं होतं. साहेब तपासणीला येणार, त्यावर नोकरी पक्की व्हायची. नाव शिवाथेरियम, म्हणजे शिवाचं जनावर. आमी लिंगायत. नाव ऐकलं आन् दुकान सुनेवर टाकून निघाले.

तुमी जाणार असाल तर आमच्या झरीहून पहिली एसटी धरा, दुसरीचा भरवसा न्हाई. परभणीहून परळीची रेल्वे, गंगाखेडला उतरून परत एसटी. भाकरी घरची न्या. बाजाराच्या दिवशी जाऊ नका. मी गेले आन् जन्मात मटण न शिवलेली बाई दुसऱ्याची कोंबडी मांडीवर घेऊन सोनपेठला उतरले.

जनावर जिराफाच्या जातीचं म्हणे. मी जिराफ कुठं बघितलाय? मला नंदीच दिसला. डोळ्यांवर दोन बारकी शिंगं, मागं दोन फळीसारखी पसरट. नंदीच्या शिंगांवर बोटं ठेवून मधून पिंडीचं दर्शन घ्यायची सवय जन्माची. बारक्या जोडीवर बोटं टेकली, वाकून बघितलं, तर पिंडीच्या जागी साहेब पोहे खायलाय. हसू आलं, तोल गेला, शिंग माझ्या मुठीत.

साहेबानं विचारलं, "कुणी मोडलं?"

"माझाच धक्का लागला, साहेब," जावई म्हणाला.

माझी जीभ सासऱ्यापुढंही कधी थांबली न्हाई. तिथं मात्र पदराखाली शिंग धरून, दुसरीपर्यंत शिकलेली मी, भिंतीवरचा नकाशा वाचत उभी राहिले.

बाहेर आल्यावर विचारलं, नाहक खोटं कशाला बोललात?

"मामी, तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी साहेबाला सोडलं असतं का?"

घरी येऊन महिना झाला. शिंग देवळीत ठेवलंय. सून रोज पुसते, कशाचं ते विचारत न्हाई; मला बघून तोंड फिरवून हसते. एवढ्या वाटेची कमाई म्हणजे एक शिंग आन् एकदा गप्प बसल्याची लाज. काल जावयाचं पत्र आलं. शिंग मोडल्याचा साहेबानं लेखी जबाब मागितलाय, आठ दिवसांत; न्हाई तर नोकरी जाती.

तर साहेबानं झरीला यावं, पहिली एसटी धरावी. जबाब गुरुजीनं द्यायचा न्हाई. मोडणारीनं द्यायचा.