हायवे आज जाम आहे

न्यूझीलंडला राहायचो तेव्हा लोअर हटहून उत्तरेला निघालो की आम्ही एका ठरलेल्या पंपवाल्याकडे पेट्रोलला थांबायचो. पंपाच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत. नवा हायवे गावाला बाहेरून वळसा घालून सुसाट जाई आणि जुना रस्ता भर बाजारातून. तेव्हा गाडीत नकाशा कागदाचाच असायचा, त्यामुळे रस्त्याची खबर त्याच्याकडेच.

पेट्रोल भरून झालं की तो समोरची काच पुसायचा, आभाळाकडे बघायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "हायवे आज जाम आहे. गावातून जा." दर वेळी. बाजारातली पहिली बेकरी त्याच्या बायकोची आहे, हे आम्हाला तिथल्या चिकन-खिमा भरलेल्या बऱ्याच पाई खाऊन झाल्यावर कळलं.

एका इस्टरला मात्र मित्राकडे जेवायला वेळेवर पोचायचं होतं.

"मेंढ्यांचा ट्रक आडवा झालाय, मेट. खरंच," पंपवाला म्हणाला.

"आज मेंढ्यांचं निमित्त का!" बायको मराठीत पुटपुटली. मी हसून हायवे धरला. "स्वीट ॲज," म्हणजे 'काही हरकत नाही', म्हणत त्याने हात हलवला.

पहिल्याच वळणापुढे गाड्यांची ही लांब रांग, आणि गाड्यांमधून निवांत फिरणाऱ्या मेंढ्या. तासभर तसेच बसलो. मग काचेवर टकटक झाली. गळ्यात गरम पाईंचा भला मोठा ट्रे अडकवून पंपवाला उभा होता.

"तुम्ही गावात येत नाही," तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "म्हणून गावच घेऊन आलो. चिकन की खिमा?"