जास्तीचे तीन शब्द

सुनेत्राचं ऑफिस म्हणजे घरामागची सायकली ठेवायची खोली. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावच्या त्या घरात एक खोली नवऱ्याच्या मीटिंगांनी बळकावलेली, दुसरी लेकीच्या ऑनलाइन शाळेने. २०२०चा मे महिना, जग घरात कोंडलेलं, आणि ही बाई पंप, जुने टायर आणि कांद्याच्या पोत्याशेजारी खुर्ची टाकून फोनवर दुभाषाचं काम करायची. मराठी, हिंदी, डच. नवऱ्यामागे डिपेंडंट म्हणून आली तेव्हा जो तो विचारायचा, "मग दिवसभर करतेस काय?" तिने चिडून डच शिकून घेतलं. चिडून केलेली कामं तिला चांगली जमत.

या कामाचा नियम एकच: समोरचा बोलेल तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. सुनेत्राला नेमकं तेच जड जायचं. डच माणूस "नाही" म्हणतो आणि थांबतो. आपल्याकडे नुसत्या "नाही"वर कुणाला वाटेला लावत नाहीत. बसा, चहा घ्या, बघू काहीतरी, एवढं तरी होतंच.

त्या महिन्यात तिच्या वाट्याला मोहन आला. नांदेडकडचा, एका हॉटेलात आचारी. कामाचा परवाना संपला तरी मालकाने ठेवून घेतलं आणि ऐन हिवाळ्यात एक दिवस हाकलून दिलं. मग दोघा टवाळांच्या नादी लागून त्याने विजेवरच्या सायकली चोरल्या आणि पकडला गेला. चोरी ती चोरीच, सुनेत्राला त्याचं काही कौतुक नव्हतं. पण शिक्षा भोगून होत आली होती, भारताकडची विमानं बंद होती, आणि सुटल्यावर निजायचं कुठे, एवढाच प्रश्न होता.

एवढाच! तुरुंगातला अधिकारी म्हणाला, आत आहे तोवर सरकार खर्च करतं, दाराबाहेर तो आमचा नाही. मंत्रालयातला म्हणाला, कागदपत्रं नसलेल्यांच्या निवाऱ्याचा खर्च आम्ही नगरपालिकांना भरून देतो, पण गुन्हा केलेल्यांचा नाही. नगरपालिकेच्या बाई म्हणाल्या, वरून भरून मिळणार नसेल तर आम्ही का सोसायचा? आणि ही सगळी माणसं सुनेत्राच्याच तोंडून बोलत होती. कुलपात ठेवून जेवू घालायला पैसे होते, उघड्या दाराच्या खोलीतल्या एका खाटेला नव्हते. तिचं डोकं फिरायचं. फोन ठेवला की ती पंप घेऊन धडधाकट टायरांत हवा भरत सुटायची.

नगरपालिकेच्या पहिल्या फोनच्या शेवटी बाई म्हणाल्या होत्या, "अर्ज नोंदवला आहे. आश्वासन देता येत नाही."

सुनेत्राने ते मराठीत सांगितलं. पलीकडे मोहन इतका गप्प झाला की तिला राहवलं नाही.

"काळजी करू नका," तिने जोडून दिलं.

हे आपण आजाऱ्याला म्हणतो, नापास झालेल्याला म्हणतो, येईल त्याला म्हणतो. सवयीने तोंडातून निघून जातं.

सुटकेच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन जोडला गेला. बाईंनी सांगितलं, अर्ज नामंजूर.

"असं कसं?" मोहन म्हणाला. "त्या दिवशी बाईच तर म्हणल्या, काळजी करू नका. म्हणून मी इथं तुरुंगात येतात त्या पाद्रीबाबांना नको म्हणलो. चर्चमागची खोली देत होते ते. म्हणलं, सरकार बघतंय, तर त्यांना कशाला तसदी. ती खोली आता दुसऱ्याला गेली की, ताई."

सुनेत्राने एकेक शब्द डचमध्ये सांगितला.

"मी असं काही म्हटलंच नाही," बाई म्हणाल्या.

सुनेत्राला स्वतःचा इतका संताप आला की पंप भिंतीवर फेकावासा वाटला.

"दुभाषी बोलते आहे," ती डचमध्ये म्हणाली. "ते शब्द माझे होते. चूक माझी आहे, त्याची नाही. त्याला एक खाट द्या."

बाई काही दुष्ट नव्हत्या. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण खर्च कुणाचा हे ठरल्याशिवाय माझ्या हातात काही नाही. आणि हे तुमच्या एजन्सीला कळवावं लागेल."

"कळवा."

मग तिने मोहनला मराठीत सांगितलं. "मोहनदादा, ते बाई म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हटलं होतं." आणि तिला रडू फुटलं.



"जाऊ द्या, ताई," मोहन म्हणाला. "तुम्ही रडू नका. काळजी करू नका, मी बघतो काहीतरी."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

सुनेत्राने नाक पुसलं आणि ते जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं, "रडू नका"सकट. या वेळी पदरचा एकही शब्द घातला नाही.