पुढच्या चाकांवरचं वजन

आमच्याकडं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यावर न्यायचा, ही इतकी नेहमीची गोष्ट की तिला काही नियम असतील हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ट्रॉलीत किती टन भरायचे ते तिच्या कागदावर लिहिलेलं असतं. आमचे कागद सीटखालच्या डब्यात, पान्यांबरोबर. भरणी मात्र शेवटची मोळी बसेपर्यंत. मग चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलू लागली की ऊस उतरवायचा सोडून एखादं माणूस पुढच्या बंपरवर उभं करायचं. मी लहानपणापासून हेच बघत आलो आणि त्यात मला कधी वावगं दिसलं नाही.

काही वर्षांपूर्वीच्या हंगामात एकदा वडील जयसिंगपूरला लग्नाला गेले होते. तोडलेला ऊस वाळत होता, म्हणून खेप घेऊन मीच निघालो. माझ्याकडं मोटारीचं लायसन होतं. त्यावर ट्रॅक्टर चालवता येतो, एवढं अर्धवट ऐकलेलं. मागं भरलेल्या ट्रॉल्या आल्या की त्यांचंही वजन धरतात आणि मग मोठ्या गाडीचं लायसन लागतं, हे विचारून घ्यायची मला गरज वाटली नव्हती. सव्विशीत माणसाला सगळंच येत असतं.

शेतातून रस्त्याला लागताना चढ आहे. तिथं चाकं उचलली. ऊसतोडीची टोळी पलीकडच्या फडात गेली होती. आई तेवढी डबा घेऊन बांधावर आलेली.

"आई, जरा पुढं उभी ऱ्हा की," मी म्हणालो.

ती पदर खोचून बंपरवर चढली. निम्म्या चढावर चाकं पुन्हा उचलली आणि दाणकन खाली आली. आई घसरली. तिचा डावा पाय चाकाखाली गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या आधी तीच बोलली, "पायरीवरनं पडलो." मी मान खाली घातली. संध्याकाळी लग्नाहून परतलेल्या वडिलांनाही तिनं तेच सांगितलं. पाय वाचला, पण तो टेकवताना ती आजही ओठ आवळते. येणाऱ्या प्रत्येक पावण्याला ती घरापुढची पायरी दाखवायची. शेवटी वडिलांनी ती पायरी फोडली आणि नवी, रुंद बांधली. त्या दिवशी सिमेंटची घमेली मीच उचलून देत होतो. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

गेल्या वर्षी मी रीतसर शिकून, परीक्षा देऊन मोठ्या गाडीचं लायसन काढलं. ते हातात घेऊन वडील म्हणाले, "ह्येच्यावाचून काय नडलंवतं?"

आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"नडलंवतं," मी म्हणालो. "ती पायरीवरनं पडली न्हाय. मीच तिला बंपरवर उभी केलती."

वडिलांनी लायसन उलटंपालटं करून बघितलं आणि मला परत दिलं.

"पायरीवरनं पडल्यावर साडीला ग्रीस लागतंय व्हय रं?" ते म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलंतं. तू कधी सांगतोस, बघत हुतो."