दुसऱ्या नंबराची चढाओढ

माझा धंदा रविवारचा. आमच्या गल्लीत रविवारी सकाळी तीनच माणसं कामावर असतात: मटणवाला, केस कापणारा आणि मी. त्या दोघांची दुकानं गल्लीतच आहेत. माझं दुकान ज्या गावात शर्यत असेल तिथे लागतं, आणि तिथवर एसटीने जावं लागतं.

मी लांब पल्ल्याच्या शर्यती पळते आणि त्यावरच जगते. हे सांगितलं की पाहुणे हसून म्हणतात, "हो, पण करतेस काय?" नावाजलेले धावपटू म्हणे वर्षातून दोनच मॅरेथॉन पळतात आणि उरलेले महिने थंड हवेच्या डोंगरावर सराव करतात. आम्हाला हवापालट मिळतो तो लातूर, सांगली, विजापूर असा. कुणाच्या वाढदिवसाची शर्यत, कुणाच्या पुण्यतिथीची, बँकेच्या वर्धापनदिनाची, जत्रेची. सुट्टी घेतली तर त्या आठवड्याची कमाई गेली, हे सरळ गणित.

शिवाय प्रत्येक ठिकाणी सत्कारात चादर असते. माझे वडील यंत्रमागावर कामाला. आयुष्यभर त्यांनी कापड विणलं, आणि मी राज्यभर पळून घरी काय आणते, तर सोलापुरी चादर. मी पिशवीतून चादर काढली की वडील जेवता जेवता हात थांबवतात आणि म्हणतात, "त्यांना सांगत जा की, पोरगी सोलापूरचीच आहे म्हणून." आमच्याकडे आता पाहुण्याला अंथरायला चार आणि पांघरायला चार चादरी देतात. पाहुणे उकाड्याने हैराण होतात, पण आई ऐकत नाही.

या धंद्यात माझी एक जोडीदारीण होती. अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, शेतकऱ्याची मुलगी. जवळजवळ दर रविवारी आम्ही दोघीच पुढे असायचो. कधी ती पहिली, कधी मी. जी पहिली यायची तिचा आठवडा बरा जायचा, दुसरीने चहाबिस्किटांवर भागवायचं. म्हणजे आम्ही एकमेकींच्या पोटावर पाय देऊन जगत होतो. आणि तरीही सोलापूरच्या स्टँडवर जी आधी पोहोचेल ती एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची. खिडकी तिची, कारण तिला एसटी लागायची. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तीच आणायची. माझ्याकडून काय, तर बडबड.

ही गोष्ट जानेवारीतली. पुढच्याच्या पुढच्या रविवारी मोठ्या शहरात मॅरेथॉन होती. त्यात राज्यातल्या बायकांमध्ये जी पहिली येईल तिला खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी मिळण्यासारखी होती. पगार, पेन्शन आणि रविवारची सुट्टी! त्या जागेची वयाची अट होती, आणि दोघींचंही ते शेवटचं वर्ष होतं. हे आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही. भाकरी मात्र नेहमीसारखी वाटून खाल्ली.

आमचे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. त्यांनी मला बजावलं, "मॅरेथॉनपर्यंत एकही शर्यत नाही. हलकं पळायचं, हलकं जेवायचं." मी मान डोलावली. त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक फोटो आला. मंगळवेढ्याच्या अलीकडे एका गावात येत्या रविवारी जत्रेची शर्यत होती, आणि वेशीवर फ्लेक्स लागला होता. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये देव, आणि देवापेक्षा मोठे सरपंच. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पण एकदा फ्लेक्सवर फोटो लागला की माणूस त्या गावाचा होतो, मग आजारी पडायचीही सोय राहत नाही. आणि खरं सांगायचं तर माझे पहिले चांगले बूट याच गावाने बक्षीस दिले होते. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. सरांना सांगितलं, जत्रेला जाऊन येते, देवदर्शन आहे.

"चालत जा," सर म्हणाले.

या गावची शर्यत दहा किलोमीटरची. त्याची भीती नव्हती, भीती होती त्यानंतरची. पहिल्या आलेल्या बाईला तिथे ट्रॅक्टरवर बसवून, पुढे हलगी लावून गावभर मिरवतात. प्रत्येक दारात ट्रॅक्टर थांबतो, घरची बाई ओवाळते आणि तोंड गोड करते. नुसता तुकडा मोडून भागत नाही. "आमच्या घरचं खाल्लं न्हाय" हे तिथे पुढच्या जत्रेपर्यंत लक्षात राहतं. मागच्या वर्षी पहिली मी होते. पुरणपोळी, शेंगापोळी, रव्याचा लाडू, पुन्हा पुरणपोळी, वर हुरडा. पुढचा अर्धा आठवडा मी पळाले ते फक्त घरातल्या घरात, मागच्या दाराकडे. दुसऱ्या नंबराला मात्र नारळ आणि चादर हातात देऊन लगेच मोकळं करतात, दुपारची एसटी आरामात मिळते. तेव्हा मी मनाशी ठरवूनच निघाले की यंदा दुसरी यायचं.

एसटीत तिने विचारलं, "आज जोरात का?"

"बघू," मी म्हणाले. "तू?"

"बघू."

आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे जीव खाऊन पळणार. मला बरं वाटलं. म्हटलं, छान, ही जिंकेल आणि ट्रॅक्टरवर बसेल.

शर्यत सुटली. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आलेली, मधून अरुंद रस्ता. आमचं हळू हे इतरांचं जोरात असतं, त्यामुळे नको नको म्हणत आम्ही दोघीच पुढे निघालो. मी वेग कमी केला. तिनेही केला. मी आणखी कमी केला. ती पाण्याच्या टेबलापाशी थांबली, म्हणून मीही थांबले. ती दोन पेले पाणी प्यायली. मी तोंड धुतलं. तिने तोंड धुऊन रुमालाने पुसलं. मग मी तिथल्या स्वयंसेवकाला त्याच्या आईची तब्येत विचारली. त्याची माझी ओळख नव्हती.

सरपंच मोटरसायकलवर मागे उलटे बसून, हातात कर्णा धरून आमच्या पुढे चालले होते. "काय चुरस हाय मंडळी! एक म्होरं जाईना, दुसरी जाऊ देईना!" नंतर त्यांचाही सूर बदलला. "आवो ताई, पळा की! शर्यत हाय का वरात हाय?"

वेस दिसायला लागली. फीत दिसली, हलगी ऐकू आली, सजवलेला ट्रॅक्टरही दिसला. तिने एकदम बुटात खडा गेल्याचं नाटक केलं आणि खाली बसली. मग मलाही नाडी बांधावी लागली.

"नी मुंद होगु," ती म्हणाली. "तू हो पुढं."

"छे, यंदा तुझा मान आहे. मागच्या वर्षी मी होते."

"तू शहरातली. तू हो."

"तू शेतकऱ्याची. गाव तुमचं."

लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर कुणी बसायचं म्हणून जसं चालतं, तसं ते चाललं होतं. शेवटी मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिने माझ्या, आणि दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला.

"तूपण?" मी म्हणाले.

"मग काय! मला नकोत त्या पोळ्या," ती म्हणाली, आणि रस्त्यात बसल्या बसल्या आम्ही पोट धरून हसलो. नोकरीबद्दल दोघीही तेव्हासुद्धा काही बोललो नाही.

तोडगा सोपा होता. तिसरीला पुढे जाऊ द्यायचं. तिसरी म्हणजे त्याच भागातली एक कॉलेजची पोरगी, भावाचा ढगळ टी-शर्ट घालून चांगली पळत येत होती. आम्ही बाभळीखाली सरकून तिला रस्ता मोकळा करून दिला. पोरगी आली, आम्हाला बघितलं, आणि आमच्या मागे दोन हातांवर थांबली.

"पळ की!" मी ओरडले.

"तुमी असताना? न्हाय ताई, तसलं न्हाय जमायचं." आणि तिने वाकून आधी माझ्या आणि मग जोडीदारणीच्या पायाला हात लावला. शर्यत चालू असताना!

तोवर चौथी आली. तिसरी थांबली म्हणून तीही थांबली. मग पाचवी. फितीपासून हाकेच्या अंतरावर बाभळीखाली आमची रांग लागली, जशी रेशनच्या दुकानापुढे लागते. सरपंच कर्ण्यातून विचारत होते, "रस्ता बंद हाय का? आं? कुनी तरी सांगा की!"

मला राग येतो तेव्हा आधी माझे कान तापतात. मी त्या पोरीचा दंड धरला. "हे बघ, पळायला आलीस ना? मग रस्त्यावर ताई-बिई काही नसतं. रस्त्यावर पुढची असते आणि मागची असते. पुढची दिसली की गाठायची. ती कोण आहे, तिला काय हवंय, हे बघत बसायचं नाही. कळलं?"

पोरीने ऐकून घेतलं. मग साधेपणाने म्हणाली, "पन ताई, तुमीच तर पळंना झालाय की."

कान असे तापले की मी सरळ पळतच सुटले. पुढचा आठवडाभर जपायची तंगडी मी त्या शे-दोनशे पावलांत जत्रेतल्या बैलासारखी उधळली. ती माझ्या मागे, पोरगी तिच्या मागे. फीत माझ्या छातीला लागली. पोरगी तिसरी आली, पण अगदी टाचेला टाच लावून, आणि ते बघून मला बरं वाटलं. जोडीदारणीने शेवटी हात आखडता घेतला की मी खरंच पुढे होते, यावर आमचं आजही एकमत नाही.

मग ट्रॅक्टर. हलगी. पुरणपोळी. शेंगापोळी. "आमच्याकडं बी घ्या की, एकच!" दुपारची एसटी वेशीवरून निघाली तेव्हा तिने खिडकीतून हात केला. मांडीवर नारळ, खांद्यावर चादर. मी ट्रॅक्टरवरून हात केला. बोलता आलं नाही, तोंडात लाडू होता.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. मिरवणुकीचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. "दर्शन झालं का?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मॅरेथॉनच्या पहाटे थंडी मस्त होती. मी चांगली पळाले, हे मी कुणालाही सांगेन. बराच वेळ राज्यातल्या बायकांमध्ये मीच पुढे होते. शेवटचा लांब पूल चढताना मात्र पोटऱ्या दगड झाल्या. पुरणपोळीमुळे म्हणा, त्या उधळण्यामुळे म्हणा, किंवा दर रविवारी पळून पळून पायात काही उरलंच नसेल म्हणून म्हणा. सर तिन्ही म्हणतात.

मागून पावलं ऐकू आली. ती मला एसटीच्या आवाजासारखी ओळखीची होती, जोडीदारणीचा डावा पाय किंचित घासतो. ती शेजारी आली. आणि शेजारीच राहिली. माझ्या त्या रडक्या वेगाने माझ्या बरोबर पळत राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. पुढे जायला तिच्यात ताकद होती, मला दिसत होती. तिला ठाऊक होतं की ती गेली की माझी नोकरी गेली. आठ दिवसांपूर्वी बाभळीखाली त्या पोरीचा जसा झाला होता, अगदी तसा चेहरा.

राहू दे अशीच, असं मला वाटलं. मनापासून वाटलं. पूल उतरला की कदाचित माझे पाय मोकळे होतील. मग माझे कान तापले. एवढ्या वर्षांत तिच्या कानडीतला एकच शब्द मला नीट येत होता, 'जा' म्हणायचा.

"होगे!" मी ओरडले. "तोंड काय बघालीस? होगे!"

ती गेली. मागे वळून बघितलं नाही, शहाणी आहे. मी दुसरी आले. आदल्या रविवारी ज्या नंबरासाठी एवढी धडपड केली, तो या रविवारी आयता मिळाला. फितीपलीकडे ती माझ्या गळ्यात पडून रडली, मग मीही रडले, आणि कुणीतरी आम्हा दोघींच्या खांद्यावर चादर टाकली.

ती आता दुसऱ्या शहरात ऑफिसात बसते, गळ्यात ओळखपत्र असतं. रविवारी सकाळी उशिरा उठून चहाच्या कपाचा फोटो पाठवते. मला तिचा हेवा वाटतो. खूप वाटतो. तिला मी तसं सांगितलंही आहे. त्यावर तिने शेंगाचटणीचा डबा पाठवला.

परवाच्या रविवारची एसटी लागली तेव्हा मी सवयीने खिडकीतून रुमाल टाकला आणि दोन जागा धरल्या. आत जाऊन बसल्यावर शेजारच्या सीटवर तो रुमाल तसाच पडलेला दिसला. उचलायचं मन होईना.

"ताई, हितं कुनी हाय का?"

तोच ढगळ टी-शर्ट. आता ती पोरगीही रविवारची निघते म्हणे.

"एसटी लागते का तुला?" मी विचारलं.

"व्हय."

मी रुमाल उचलला आणि तिला खिडकी दिली. गाडी स्टँडबाहेर पडली. ती मांडीवर बूट घेऊन बसली होती.

"आज जोरात का?" मी विचारलं.

पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघू."