पट्ट्या उभ्या की आडव्या

फेब्रुवारी, शनिवार, सकाळ. हजर: अप्पा म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ, फरशीचं काम करणारे अण्णा आणि मी. गैरहजर: माझा नवरा. शनिवारी त्याच्या यशवंतपूरच्या दुकानात माल उतरतो, आणि खरं सांगायचं तर त्याला घरी थांबवून फार काही साधलं नसतं.

जागा म्हणजे मल्लेश्वरममधल्या आमच्या तळमजल्याच्या घरातली मागची खोली. त्या दिवशी तिथे फरशी नव्हती, नुसता करडा कोबा होता. खोलीला एका टोकाला दार, समोरच्या टोकाला बाथरूम. अप्पांचा पलंग दाराजवळ यायचा होता, म्हणजे पलंग ते बाथरूम ही सरळ वाट. सगळं काम त्या वाटेसाठी चाललं होतं.

अप्पांना कंपवात आहे. हात थोडा थरथरतो, पण खरी अडचण पायांची. चालता चालता पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं आणि उचलत नाही. दारात हमखास, मोकळ्या गुळगुळीत जागेत पुष्कळदा. इलेक्ट्रॉनिक सिटीत भावाच्या फ्लॅटमध्ये आरशासारख्या टाइल्स आहेत. तिथे ते असेच अडकले, वरचं अंग पुढे गेलं आणि पडले. हाड मोडलं नाही, एवढंच. त्यानंतर भावाला कंपनीने काही महिन्यांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं आणि अप्पा माझ्याकडे येणार हे नक्की झालं. अप्पांनी एकच अट घातली. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर, भावजयीसमोर, अजिबात न लाजता सांगितली. "बाकी सगळं तुम्ही ठरवा. संडासला मी एकटा जाणार. कुणी हात धरायचा नाही."

घड्याळाच्या कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस. त्यांची अट म्हणजे अट.

मी कामाला लागले. जुन्या टाइल्स वाजवून बघितल्या, निम्म्याहून जास्त पोकळ वाजल्या. त्यांच्यावरच नवीन काहीतरी चिकटवून मोकळं व्हा, असं दोन ठिकाणी सांगितलं गेलं. मी दोन्ही नावांवर काट मारली. खालचं हलत असेल तर वरचंही हलणार, आणि हलणारी फरशी मला या घरात नको होती. तिसरे भेटले ते हे अण्णा, तुमकूरकडचे, आमच्याच वयाचे, थोडे हट्टी. त्यांनी टाइल्स काढल्या, खालची भुसभुशीत वाळू उपसली, नवा कोबा घातला. तो वाळल्यावर लांब ॲल्युमिनियमची पट्टी आडवीतिडवी फिरवून आम्ही दोघांनी तिच्याखालच्या फटी शोधल्या. उंचवटे घासले, खड्डे भरले, मग धूळ दोनदा ओढून घेतली. पॅसेज आणि खोली यांच्यामध्ये बोटाला लागेल अशी धार राहू द्यायची नव्हती. ती राहिली नाही.

वरून चिकटवायच्या व्हिनाइलच्या पातळ पट्ट्या आणल्या होत्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या, पण न चमकणाऱ्या. भावाचं म्हणणं होतं की पट्ट्यांची भानगड नको, एकसंध शीट पसर, सांधाच नको म्हणजे अडखळायलाच नको. ऐकायला बरोबर वाटतं. मीही आधी तेच ठरवलं होतं. पण अप्पांना मी रस्त्यावर पाहिलं होतं. फूटपाथवर दहा वेळा थांबणारा माणूस झेब्रा क्रॉसिंगवर पट्टा ओलांडत, पाय उचलत चालतो. फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, वाटेत आडव्या रेघा असल्या की काहींचा पाय सुटतो. काहींचा. अप्पांचा सुटेल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

अण्णांचं मत तिसरंच होतं. पट्ट्या खिडकीच्या उजेडाच्या दिशेने लावायच्या, म्हणजे दारातून बाथरूमकडे उभ्या. सांधे कमी दिसतात, खोली लांब वाटते, तुकडे कमी वाया जातात. त्यांच्या धंद्यातला तो नियम आहे आणि चुकीचा नाही. मी म्हटलं, आम्हाला सांधे दिसायलाच हवेत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दाम वाकडी भिंत मागते आहे.

एकदा चिकटवल्यावर बदल नाही. म्हणून मी ठरवलं की अप्पा आले की आधी पट्ट्या सुट्या मांडून बघायच्या. भाऊ त्यांना घेऊन शनिवारी सकाळी पोचला. सोमवारी त्याचं विमान होतं. तो बूट न काढताच विचारू लागला, अजून फरशी का नाही.

आधी उभ्या मांडल्या. अप्पा दारात आले आणि थांबले. पाय तिथेच. भाऊ म्हणाला, चला अप्पा, चला. मी त्याला बोटाने गप्प केलं, कारण घाई केली की ते आणखी अडकतात. अप्पांची टाच जागच्या जागी थरथरत होती. कसंबसं एक पाऊल पडलं, मग घासत दुसरं, आणि खोलीच्या मध्यावर पुन्हा खिळले. कपाळावर घाम आला. भावाने त्यांना धरून मागे खुर्चीवर बसवलं.

"परीक्षा माझी चालली आहे की फरशीची?" अप्पांनी विचारलं.

"फरशीची," मी म्हटलं.

"मग नापास कर तिला."

मग आम्ही त्याच पट्ट्या आडव्या मांडल्या. एक गडद, एक फिकी, म्हणजे सांधा लांबूनही कळावा. अण्णा म्हणाले, टेपने स्वल्प, थोडंसं, चिकटवू का. मी नको म्हटलं. टेपचा गोंद कोब्यावर राहिला असता आणि पुढे खरा गोंद नीट धरला नसता. ते माझं गणित होतं.

अप्पा दारात आले. खाली पाहिलं. पहिला सांधा ओलांडला, उजवा पाय, स्वच्छ उचलून. मग डावा. मग ते चालायलाच लागले. भाऊ त्यांच्या मागे हात पसरून चालत होता, पण हात लागत नव्हता. अर्ध्याहून पुढे गेल्यावर त्यांच्या पायाखालची पट्टी सरकली. फार नाही, वीतभरही नाही. अप्पा कलले. अण्णा खाली बसले होते, त्यांनी गुडघ्यावरच झेप घेऊन त्यांची पोटरी धरली, भावाने काखेत पकडलं, आणि तिघेही तसेच अर्धे वाकलेले राहिले. मी होते तिथेच होते. माझेच पाय चिकटले होते.

अप्पांना खुर्चीत बसवल्यावर भाऊ माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"तुझ्या प्रयोगासाठी त्यांना पुन्हा पाडणार होतीस, अक्का."

माझ्याकडे उत्तर होतं. गोंदाचं, टेपचं, सगळं. अप्पांनीच मध्ये तोंड घातलं.

"तिला नंतर बोल. आधी आडव्या लावा. आणि सरकणार नाहीत अशा."

अण्णा मान डोलावून म्हणाले, "सरी." त्यांचा उजेडाचा नियम त्यांनी पुन्हा काढला नाही. पण उठून ते बाथरूमच्या दाराकडे गेले आणि तिथल्या कोब्यावर आम्ही आदल्या दिवशी चारी बाजूंनी चिकटवून ठेवलेला प्लास्टिकचा चौकोन त्यांनी सोलला. असे चौकोन खोलीत तीन ठिकाणी होते. खालून ओल येत असेल तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरतं. खिडकीजवळचा आणि मधला सकाळीच पाहिला होता, दोन्ही कोरडे. हा राहिला होता. त्यांनी तो उलटा करून माझ्यापुढे धरला. आतून थेंबच थेंब.

बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यातून, पाणी मुरत असणार, असं ते म्हणाले. ओल्यावर गोंद धरत नाही. आज चिकटेल, पंधरवड्याने कडा उचलेल. भाऊ म्हणाला, पंधरवड्याने उचलेल तेव्हा बघू, मी सोमवारी निघतोय, आज सगळं पुरं करा, पंखा लावून वाळवा. अण्णांची त्यालाही तयारी होती. काम देणाऱ्याने सांगितलं तर करू, पण खात्री देणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. दोघेही माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

उचललेली कड नेमकी बाथरूमच्या दारात असणार, अप्पा एकटे असतील तेव्हा. मी म्हटलं, कोरडं आहे तेवढंच लावायचं.

"तू त्यांना एकट्याने जायला मिळेल म्हणाली होतीस," भाऊ म्हणाला.

"म्हणाले होते."

अप्पांनी विचारलं, राहणार किती. मी दाखवलं, दारापुढची चिंचोळी जागा, त्यांची दोनतीन पावलं. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे दारापर्यंत मी मालक, आणि दारात पुन्हा पोर."

अण्णांनी ओल्या जागेच्या कडेला खडूने रेघ मारली.

रविवारी बाकीची खोली झाली. अण्णांनी दोरी मारून काटकोन धरला, कडेला भिंतीपाशी फट सोडली, जड रोलर दोन्ही दिशांनी फिरवला. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी पाय ठेवा, असं बजावून गेले. सोमवारी पहाटे आम्ही पलंग आत आणला आणि निघायच्या आधी भावाने अप्पांना त्यावरून उठताना पाहिलं. ते उठले, सांधे ओलांडत शेवटच्या पट्टीपर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. समोर बघत, मागे न वळता, त्यांनी डावा हात बाजूला काढला. मी जाऊन तो धरला. भावाने बॅग उचलली, मला म्हणाला, ट्रॅपचं बघ. मी बघते म्हटलं.

ट्रॅप उघडायचा तर बाथरूम काही दिवस बंद राहणार. घरातला दुसरा संडास देशी पद्धतीचा आहे, अप्पांना तिथे बसता येत नाही. चाकाच्या कमोड खुर्चीचं सुचवलं तर त्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. त्यामुळे प्लंबरला दोनदा बोलावून दोनदा पुढे ढकललं आहे. कोब्याच्या त्या पट्ट्यावर नवा प्लास्टिकचा चौकोन लावला आहे, रोज सकाळी चहाच्या आधी तो बघते. आज सकाळीही आतून ओला होता. अप्पा पलंगावर बसून विचारत होते, काय म्हणते फरशी. प्लंबरला आज फोन करायचा आहे, आणि त्याआधी खुर्चीबद्दल अप्पांशी बोलायचं आहे. दोन्ही राहिलं आहे.